प्रवर्ग : गोड

खाण्यापिण्याच्या स्पर्धांचं केशवराव सेलोकरांना वावडं होतं. वावडं म्हणजे अगदी अंगावर पित्त उठावं तसं. लेआउटच्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर असल्या स्पर्धेचा निरोप आला की ते चष्मा काढत, पुसत, परत लावत आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "वरन का घोडा हाय का बाप्पा? म्हने पयलं आलं, दुसरं आलं! चव का पळत असते?"

घरात ऐकायला सत्यवतीबाई एकट्याच. त्या म्हणत, "तुमाले कोन पळा म्हनते? तुमी बसा न."

आवाज केशवरावांना नोकरीनं दिला होता. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसायचं, गाड्या लावायच्या, माइकवरून पुकारा करायचा, हीच त्यांची हयात. आवाजाबरोबर नोकरीनं त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे माणूस ओळखण्याचं शास्त्र. हे शास्त्र फार सोपं होतं. माणूस कोणत्या गाडीनं येतो ते बघायचं, की झालं. तुमसरवाले घाईचे. पवनीवाले निवांत. लाखांदूरवाले सामान फार आणतात. नागपूरवाले सीट मिळाली तरी तक्रार करतात. जातपात आपण कधी पाहिली नाही, फक्त गाडी पाहिली, असं ते अभिमानानं सांगत. एखाद्याला गाडीवरून नाव ठेवलं तर त्याला दुखण्यासारखं काय आहे, हे त्यांना खरोखरच कळत नसे.

सत्यवतीबाई कोंढा या खेड्यातल्या. त्यामुळे घरात भाजी पचपचीत झाली की केशवराव ताट पुढे सरकवून म्हणत, "कोंढ्याचा हात. मीठ टाकाले बी आखडते." दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पाहून तेल, मीठ आणि तिखट तिन्ही कमी करायला सांगितलं होतं, ही गोष्ट ते सोयीनं विसरत. सत्यवतीबाई विसरत नसत. पण त्या बोलतही नसत. त्यांचं सगळं न बोललेलं दोन घरं सोडून राहणाऱ्या विमलाबाई गजभियेंकडे जमा होत असे.

विमलाबाईंचे यजमान आनंदराव हे पोस्टातून निवृत्त झालेले. आवाज बारीक, शब्द मोजके. केशवराव तासभर बोलत आणि आनंदराव शेवटी एक वाक्य बोलत. ते वाक्य केशवरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना कळे. रोज संध्याकाळी दोघे मिळून खांबतलावापर्यंत फिरायला जात, ते असं.

तर संक्रांत आटोपली, घराघरांत नवा तांदूळ आला आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष रीनाताईंनी ग्रुपवर निरोप टाकला. रीनाताई नागपूरहून लग्न होऊन आलेल्या, हौशी, झपाट्याच्या. निरोप असा होता: 'नवा तांदूळ, नवी चव! भव्य पाककृती स्पर्धा. कृपया आपले नाव, पदार्थ व प्रवर्ग कळवावा.' प्रवर्ग म्हणजे त्यांना गोड, तिखट किंवा आंबट हवं होतं. 'प्रकार' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण निरोपाला जरा वजन यावं म्हणून त्यांनी 'प्रवर्ग' लिहिलं, आणि मराठी माणसाच्या मनात त्या शब्दापुढे कोणती चौकट उघडते याचा त्यांनी विचार केला नाही.

केशवरावांनी लगेच ग्रुपवर हरकत घेतली. लांबलचक हरकत. स्पर्धेमुळे शेजारधर्म कसा बुडतो, परीक्षक कसे विकले जातात, आणि मागच्या वर्षी पोह्याला पहिला नंबर कसा काय मिळाला. खाली त्यांनी ठासून लिहिलं की सेलोकरांच्या घरून या स्पर्धेत कोणीही भाग घेणार नाही. सत्यवतीबाईंना ही बातमी ग्रुपवरूनच कळली.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष मधुकरराव लांजेवार घरी आले. मधुकरराव जुने हेडक्लार्क. हरकत घेणाऱ्याला समितीत घातलं की हरकत मरते, हे ते नोकरीत शिकले होते.

"केशवराव, तुमी परीक्षक व्हा."

"मी? मले तर हे सारं मंजूरच नाई."

"म्हनूनच. परीक्षक निष्पक्ष पाहिजे. आन् अख्ख्या लेआउटात सगळ्यायले सारखं नाव ठेवनारा मानूस तुमच्याशिवाय दुसरा दाखवा."

केशवरावांनी हा आपला गौरवच मानला. चेहरा मात्र त्यांनी तसाच आंबट ठेवला. "पन एक अट हाय. परीक्षकाचा निर्णय अंतिम. मंग कोनी चूं कराचं नाई."

"लेखी देतो," मधुकरराव म्हणाले.

आता हॉल हवा. लेआउटच्या मधोमध सभागृह आहे, पण त्याची चावी एका सरकारी कार्यालयात. दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी परीक्षकांना सोबत नेलं, वजन पडावं म्हणून. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला.

"स्पर्धा म्हंजे क्रीडा. क्रीडावाल्यायचं ना-हरकत आना."

"अहो, खायाची स्पर्धा हाय."

"मंग अन्न. अन्नवाल्यायचं आना."

"दोनातलं लवकर कोनतं भेटते?"

बाबूनं छताकडे पाहून विचार केला. "कोनतंच नाई भेटत. तुमी असं करा, हळदीकुंकू लिहा. हळदीकुंकवाले काईच लागत नाई."

मधुकररावांनी तिथल्या तिथे अर्ज बदलला. कार्यक्रम: हळदीकुंकू. प्रमुख उपस्थिती: केशवराव सेलोकर. त्याची प्रत नियमाप्रमाणे सभागृहाच्या दारावर चिकटली आणि रविवारपर्यंत चिकटूनच राहिली. सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "काका, वाण का देऊन राहिले यंदा?" केशवरावांनी त्याचं दूध पातळ असल्याचं कारण काढून त्याला झाडलं. पण दूध त्या दिवशी चांगलं घट्ट होतं आणि ते दोघांनाही दिसत होतं.

परीक्षक म्हणून नाव जाहीर झाल्यावर सल्ले सुरू झाले. समोरच्या पंचफुलाबाई, लेआउटातल्या सगळ्यांत वडील, काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी काई खाऊ नोको रे केशव. आन् पोट बिघडलं तं ओवा खाय." एक जण म्हणाला, प्रत्येक घास अर्धा खा. दुसरा म्हणाला, घास पूर्ण खा पण गिळू नका. मधुकरराव म्हणाले, "काई बी खा, पन सगळ्यायले छान म्हना. पान्याच्या टाकीची मीटिंग पुढच्या महिन्यात हाय."

सल्ल्यांपाठोपाठ वाट्या येऊ लागल्या. 'काका, सहज केलं होतं, म्हटलं चाखून पाहा.' खीर आली, वडे आले, मसालेभात आला. केशवराव बाहेरून कपाळाला आठ्या घालत आणि आतून कान टवकारत. पण दार उघडायच्या सत्यवतीबाई. वाटी घ्यायच्या, चाखायच्या, "मीठ हाय, तुमाले चालत नाई," म्हणायच्या आणि उभ्या उभ्या संपवायच्या. परीक्षकाच्या आधी अख्ख्या लेआउटची परीक्षा सत्यवतीबाईंनी घेतली.

रविवार उजाडला. केशवराव इस्त्रीचा सदरा घालून उपाशीपोटी सभागृहात गेले. आज यजमान बाहेर जेवणार म्हणून सत्यवतीबाईंनी सकाळीच ठरवलं होतं की स्वयंपाक आपल्यासाठी करायचा. किती दिवसांनी त्यांनी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा भिजवला, त्यात लसूण-मिरची सढळ घातली, गोळे वळले आणि नव्या तांदळाच्या शिजत्या भातात सोडले. गोळाभात. वरून ओतायला लाल मिरचीची तेलाची फोडणी, तीही हात न आखडता. घरात असा वास सुटला की त्यांचं त्यांनाच हसू आलं. एक डबा विमलाबाईंसाठी काढून त्या सभागृहाकडे निघाल्या.

तिथं पोचल्या तर सभागृहात चिडीचूप.

झालं होतं असं. चौकात पिंटूचं फ्लेक्सचं दुकान आहे. प्रत्येक भांड्यापुढे ठेवायच्या पाट्या रीनाताईंनी त्याच्याकडे छापायला दिल्या होत्या. लोकांचे निरोप त्यांनी जसेच्या तसे त्याला पुढे पाठवले होते. आता सरकारी अर्ज भरून भरून हात बसलेले लोक. 'प्रवर्ग' दिसला आणि निम्म्या लेआउटनं डोळे झाकून आपापला प्रवर्ग लिहिला. त्यामुळे टेबलावर ओळीनं पाट्या उभ्या होत्या: 'अनारसे, खुला.' 'सांबारवडी, इतर मागासवर्ग.' 'तांदळाची उकड, विशेष मागास प्रवर्ग.' एका अळवाच्या वडीपुढे 'नॉन-क्रिमिलेअर' असंही होतं.

काही जण हसले. कोणी तरी मागून विचारलं, "बक्षीस प्रवर्गनिहाय हाय का जी?" मग सगळ्यांची नजर टोकाच्या टेबलावर गेली आणि हसू थांबलं. तिथं पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, विमलाबाईंची खीर होती. पुढे पाटी: 'विमलाबाई गजभिये. तांदळाची खीर. अनुसूचित जाती.'

आनंदरावांनी पाटी वाचली. खिशातून फोन काढला, निरोप शोधला आणि पिंटूसमोर धरला.

"पिंटू, आमी इथं का लिहिलं हाय?"

पिंटूनं वाचलं. "प्रवर्ग, गोड."

"मंग तुनं का छापलं?"

पिंटू पाट्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "काका, सगळ्याइनं तसं लिहिलं होतं. मले वाटलं तुमी चुकून गोड लिहिलं. आडनाव पाहून मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त केलं," आनंदराव म्हणाले. एवढंच.

रीनाताई धावत आल्या. "काका, सॉरी, खूप सॉरी. छपाईची चूक आहे."

"छपाई एकदम साफ हाय, बाई."

विमलाबाईंनी गंजावर झाकण ठेवलं आणि पदर खोचून गंज उचलायला हात घातला. चेहऱ्यावर राग नव्हता. असं याआधीही झालेलं आहे आणि दर वेळी गंज आपणच उचलून नेतो, अशा सवयीचा तो हात होता.

आणि केशवराव उठले.

त्यांचा आवाज माइकशिवायच सभागृहाच्या पत्र्यावर आदळला. "ठेवा तो गंज खाली, वहिनी! हे का स्पर्धा हाय का जनगणना?" ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि एकेक पाटी उचलून त्यांनी टराटरा फाडली. 'खुला' फाडली, 'इतर मागासवर्ग' फाडली. 'नॉन-क्रिमिलेअर' जाड पुठ्ठ्यावर होती, ती फाटेना, तर तिच्यावर बसले. "या हॉलात लेबल चालनार नाई! भांड्यावर फक्त नंबर टाका. कोनाचं का हाय मले सांगू नोका. मी चवीवरून न्याय करीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केशवरावांना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या आणि त्या त्यांना चढल्या.

तरी विमलाबाईंचा हात गंजावरून निघेना. दारात उभ्या सत्यवतीबाई पुढे आल्या. "थांब वं विमल. तू ठेवशीन तं मी बी ठेवते." आणि त्यांनी डबा उघडून गोळाभात टेबलाच्या टोकाला, खिरीशेजारी मांडला. फोडणीची वाटी बाजूला ठेवली. केशवराव तेव्हा हात धुवायला गेले होते. रीनाताईंनी सगळ्यांचं थोडं थोडं एकसारख्या भांड्यांत काढलं, मूळ भांडी टेबलाखाली सरकवली, नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डोळे मिचकावले.

परीक्षण सुरू झालं. केशवरावांनी माइक मागितला. खरं म्हणजे परीक्षकाला माइकची गरज नव्हती. पण समोर भरलेलं सभागृह, हातात चमचा, तोंडाशी माइक, आणि नुकत्याच मिळालेल्या टाळ्या. बसल्या जागी स्टँडवरचा जुना अंमल त्यांच्या अंगात आला.

पहिलं भांडं मसालेभाताचं. वर कसली तरी विलायती पानं. केशवरावांनी घास घेतला आणि जाहीर केलं, "हा भात नागपूरवाल्याचा! दिखावा जास्त, दम कमी. पानं खाची का पाहाची, ते बी सांगत नाई."

रीनाताई हसल्या. पण पंचफुलाबाईंनी काठी आपटली. भात त्यांचा होता. नातीच्या फोनवर पाहून त्या महिनाभर तो शिकत होत्या.

दुसरं भांडं, तांदळाची कनकी घालून केलेली अंबाडीची भाजी. केशवरावांनी डोळे मिटले. "हे पाहा, हे खेडं. हे कोंढ्याकडचं. मी पैज लावतो. भाजी बरी, पन मीठ कमी. कोंढ्याच्या बाया मीठ टाकताना जसा काई जीव टाकून राहिल्या!"

सभागृह खो खो हसलं. अंबाडी रीनाताईंनी केली होती. पण हशा ज्या दिशेला गेला तिथं सत्यवतीबाई बसल्या होत्या. त्याही हसल्या. थोडंसं, तोंडापुरतं.

केशवराव रंगात आले. अनारसे 'पवनीवाल्याचे, फुरसतीचे' निघाले, उकड 'लाखांदूरची, सामान फार' निघाली. खिरी तीन घरच्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या खिरीचा घास घेतल्यावर मात्र ते क्षणभर थांबले. दुसरा घास घेतला. "वा! ही खीर तुमसरची. राइस मिलवाल्या घरची. असा सुवासिक तांदूळ घरची मिल असल्याशिवाय भेटत नाई. ऐसपैस मानसं, ऐसपैस खीर!"

"केशवराव," आनंदराव मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाले, "आमची मिल कुठी हाय ते बी सांगजा. चावी आनाले पाठवतो."

लोक पुन्हा हसले. केशवराव समजले की आनंदराव थट्टा करतायत. ते पुढे सरकले. शेवटचं भांडं.

गोळाभात. त्यांनी वरून फोडणी घेतली, गोळा फोडला, घास तोंडात घातला. मग दुसरा, तिसरा. माइकवरून फक्त खाण्याचा आवाज येत होता. बशी रिकामी करून, बोट चाटून त्यांनी मान हलवली आणि माइक सरळ धरला.

"हे बाद!"

"काहून?" मधुकरराव दचकले.

"हे घरचं नाईच. हे केटररचं हाय, तेही मोठ्या केटररचं. हा गोळा, ही फोडनी, हे मीठ! अहो, मी वर्षानुवर्षं घरचं जेवून राहिलो, घरचं मले मालूम नाई का? घरी असं बनूच शकत नाई. कोनी तरी बाहेरून आनून ठेवलं हाय. फसवनूक! नंबर बाद!"

या वेळी कोणी हसलं नाही. रीनाताई माइकजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, ते... ते काकूंचं आहे."

"कोनत्या काकू?"

सत्यवतीबाई उठल्या. टेबलाजवळ आल्या, खालचा डबा काढून झाकण लावलं, फोडणीची वाटी पुसून आत ठेवली. मग नवऱ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात बोलल्या, पण माइक चालू होता.

"डॉक्टरनं तुमचं तेल-मीठ बंद केलं, अजी. माहा हात नाई बंद केला."

आणि त्या विमलाबाईंबरोबर निघून गेल्या.

केशवरावांनी निर्णय मागे घ्यायचा प्रयत्न केला. पण मधुकररावांनी खिशातून कागद काढला. "परीक्षकाचा निर्णय अंतिम. तुमीच लिहून घेतलं न." पहिलं बक्षीस विमलाबाईंच्या खिरीला गेलं. ते घ्यायला आनंदराव आले. नॉनस्टिक तवा हातात घेऊन ते केशवरावांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पिंटूनं आडनाव वाचून दुरुस्त केलं. तुमी घास खाऊन दुरुस्त केलं. पाट्या तेवढ्या तुमच्या तोंडी होत्या."

हे वाक्य कळायला केशवरावांना दुसऱ्या दिवशीच्या दाढीपर्यंत थांबावं लागलं नाही.

त्या दिवसापासून घरात छळ सुरू झाला. छळ म्हणजे भांडण नाही. भांडण असतं तर केशवराव जिंकले असते. सत्यवतीबाई नम्र झाल्या. सकाळी चहा ठेवून म्हणाल्या, "साहेब, साखर बरोबर हाय का? नसन तं बाहेरून मागवू." जेवायला ताटाऐवजी पत्रावळ आली. "घरचं तुमाले मालूम हाय. हे साधंसुधं गोड मानून घ्या." वरणात मीठ नव्हतं, पण बाजूला मिठाचा अख्खा डबा ठेवलेला होता. केशवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, डब्यानं केशवरावांकडे पाहिलं. त्यांनी अळणी वरण मुकाट्यानं संपवलं.

संध्याकाळी ते आनंदरावांच्या फाटकाशी गेले. आनंदराव झाडांना पाणी घालत होते.

"फिराले येता का?"

"नाई. आज विमल जाऊ नोका म्हनते."

"वहिनी रागावल्या का माह्यावर?"

"तुमी पाट्या फाडल्या तवा थे रडली," आनंदराव म्हणाले. पाण्याचा पाइप त्यांनी दुसऱ्या कुंडीत टाकला. "चांगलं वाटलं म्हनून रडली. मंग तुमी तिले तुमसरले नेऊन सोडलं. मले विचारते, आपल्या घरची खीर आपल्या घरची म्हनून गोड नाई लागत का लोकायले?"

केशवराव फाटकाची कडी उघडत आणि लावत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मी तं गाडीवरून म्हनतो. जातीवरून नाई म्हनत."

"थे मले मालूम हाय. पन बसनाऱ्याले विचारलं का कधी, तुले कोनत्या गाडीत बसाचं हाय म्हनून?"

घरी परत येऊन केशवराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत सत्यवतीबाई मेथी निवडत होत्या. 'चुकलो' हा शब्द केशवरावांनी नोकरीत कधी उच्चारला नव्हता. गाडी उशिरा आली तर ती 'काही अपरिहार्य कारणास्तव' येत असे. त्यांनी घसा साफ केला.

"मीठ बरोबर होतं."

"कोनत्या भाजीत?" मान वर न करता सत्यवतीबाईंनी विचारलं.

"गोळाभातात."

"अजून?"

"तेल बी बरोबर होतं."

"आन् कोंढा?"

मेथीच्या काड्या मोडल्याचे आवाज येत राहिले.

"कोंढ्याचा," केशवराव म्हणाले, "यात काई दोष नाई."

सत्यवतीबाईंनी निम्मी जुडी त्यांच्यापुढे सरकवली. समेट होतच होता, एवढ्यात दाराची घंटी वाजली. पलीकडच्या लेआउटातला अनुप होता. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये काम करणारा तरुण, चेहरा पार उतरलेला.

"काका, बहिणीचं साक्षगंध आहे रविवारी आणि आमचा केटरर ऐनवेळी पलटला. परवा तुमचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत येऊन राहिला होता. तो गोळाभातवाला मोठा केटरर कोण आहे? त्याचा नंबर द्या ना. पोराकडची मंडळी तुमसरची आहे, नाक वर करून येणार आहे."

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खरं सांगावं तर अब्रू जाते, खोटं सांगावं तर नंबर कुठून द्यायचा? मागून सत्यवतीबाई हात पुसत आल्या.

"मीच. गोळाभात, अंबाडी आन् तांदळाची खीर. खिरीसाठी विमलाबाई हाय. किती मानूस हाय?"

"सत्यवती!" केशवराव कुजबुजले. "लोक का म्हनतीन? सेलोकरांची बायको लोकायच्या घरी वाढाले चालली?"

"लोकायले तुमीच सांगितलं न, माइकवरून. आता काहून लाजता?"

मग आठवडाभर दोन घरांमधलं येणं-जाणं वाढलं. विमलाबाई, सत्यवतीबाई आणि काठी टेकत आलेल्या पंचफुलाबाई अशी समिती बसली. पंचफुलाबाईंनी विलायती पानांचा आग्रह धरला, तो मोठ्या मुश्किलीनं मोडला गेला. भाज्या निवडायला आनंदराव आणि लसूण सोलायला केशवराव. लसूण सोलताना केशवरावांनी आपण यात नाही, फक्त देखरेख करतो, असं सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. पिंटूनं न मागता एक फ्लेक्स छापून आणला आणि उलगडण्याआधी आनंदरावांना वाचायला दिला. आनंदरावांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. 'विमला-सत्यवती. घरची चव.' बाकी काही नाही. "पास," ते म्हणाले.

साक्षगंधाच्या दिवशी केशवराव मंडपाच्या खांबाशी इस्त्रीच्या सदऱ्यात, हात मागे बांधून उभे होते. आपण इथं पाहुणे आहोत असं दिसावं म्हणून ते अधूनमधून खिशातला रुमाल काढून कपाळ टिपत. पंगत बसली. खीर वाढत आनंदराव पुढे गेले. एवढ्यात मुलाकडच्या एका जाडजूड गृहस्थांनी खांबाशी उभ्या केशवरावांकडे बोट केलं.

"ओ केटरिंगवाले! इकडं या."

केशवरावांनी मागे वळून पाहिलं. मागे खांब होता.

"तुमालेच म्हनून राहिलो. गोळ्यात मीठ जास्त झालं तुमच्या."

केशवरावांच्या मानेची शीर फुगली. मी कोण आहे, कुठल्या हुद्द्यावर होतो, हे सगळं ओठांपर्यंत आलं. पण बाहेर पडलं ते निराळंच.

"मीठ जास्त? कोन म्हनते? तुमाले बीपी हाय का?"

"हाय. पन त्याचा—"

"तेच म्हनतो! घरी अळनी खाता. जिभेची सवय मोडली तुमच्या. अहो, मीठ बरोबर हाय, जीभ चुकून राहिली. अजून एक गोळा खाऊन पाहा, मंग बोला. असा गोळा तुमच्या बापजन्मी—"

"अजी!" भाताच्या गंजामागून सत्यवतीबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मंडपभर पोचला. "पाव्हन्यासंगं भांडू नोका. तिकडच्या पंगतीले भात नाई पोचला."

आणि त्यांनी भाताची बादली केशवरावांच्या हातात दिली. केशवरावांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि वाद अर्धवट टाकून ते तरातरा पलीकडच्या पंगतीकडे निघाले. वाटेत त्यांचा तो जुना आवाज मंडपाच्या छतावर आदळला, "भात घ्या, गरम भात! कोनाले पाहिजे? हात वर करा!"